किमचीचा फ्रिज: झाकणाचा घ्यावा की दाराचा?

दक्षिण कोरियातल्या बहुतेक संसारी घरांत दोन फ्रिज असतात. एक स्वयंपाकघरातला नेहमीचा. दुसरा मागच्या बंदिस्त बाल्कनीत, नाहीतर ओट्याच्या शेजारी, आणि तो किमचीचा, म्हणजे मीठ-मिरची लावून आंबवलेल्या कोबी-मुळ्याचा. कोरियन भाषेत त्याला सरळ ‘किमची नेंगजांगो’ म्हणतात, म्हणजे किमचीचा फ्रिज. सोल, सुवॉन किंवा देजॉनला नोकरी-संशोधनासाठी गेलेल्या मराठी कुटुंबांना तो कधी घरमालकाकडून मिळतो, कधी परत निघालेला शेजारी स्वस्तात देऊ करतो. मग प्रश्न पडतो, हा घ्यावा का, आणि घेतला तर त्यात नेमकं ठेवावं काय?

निकाल आधीच सांगून टाकतो. ज्या घरात वर्षातून एकदा किमान वीस किलो किमची एकदम भरली जाते, त्या घरानं झाकणाचा फ्रिज घ्यावा. पेटीसारखा, वरून उघडणारा, १८० ते २२० लिटरचा. उभ्या दाराचा, तीन-चार कप्प्यांचा, काचेच्या चकचकीत दर्शनी भागाचा जो प्रकार आज दुकानात सर्वांत पुढे मांडलेला असतो, तो चांगला फ्रिज आहे, पण मुख्यतः दुसरा फ्रिज आहे. किमचीचं काम तो झाकणाच्या फ्रिजइतकं चोख करत नाही. आणि जे दुकानातून किलो-दोन किलोची पिशवी आणतात त्यांना दोन्हींची गरज नाही.

या मताला कारणं आहेत, आणि ती कोरियाच्या हवामानापासून सुरू होतात.

सोलचं जानेवारीचं सरासरी तापमान उणे २ अंशांच्या आसपास असतं. सायबेरियाकडून कोरडा, बोचरा वारा येतो आणि तीन-चार महिने शेतात हिरवं काही उगवत नाही. म्हणून नोव्हेंबर संपता संपता अख्खं घराणं जमून हिवाळ्याची बेगमी करतं. लांबट चिनी कोबी, मुळा, मिरची पूड, लसूण, आलं, कांद्याची पात आणि खारवलेली मासळी किंवा जवळा. या सामुदायिक कामाला किमजांग म्हणतात. युनेस्कोनं २०१३ मध्ये दक्षिण कोरियाच्या किमजांगची आणि २०१५ मध्ये उत्तर कोरियाच्या किमची परंपरेची नोंद वारसा यादीत केली. मुहूर्तही हवामानावरून ठरतो. दिवसाचं सरासरी तापमान ४ अंशांखाली आणि रात्रीचं शून्याखाली टिकायला लागलं की योग्य वेळ आली असं धरतात. ही रेषा नोव्हेंबरच्या मध्यावर कांगवॉनच्या डोंगरात उमटते आणि सरकत सरकत डिसेंबरात बुसानच्या किनाऱ्यावर पोचते. त्याआधी केलं तर किमची लवकर आंबट होते, फार उशिरा केलं तर कोबी गोठतो आणि किमची नीट मुरतच नाही.

भरलेले मातीचे रांजण, म्हणजे ओंग्गी, अंगणात गळ्यापर्यंत पुरून ठेवायचे. वर हवा उणे १० असो की दुपारचं ऊन पडलेलं असो, मातीच्या आतलं तापमान शून्याच्या जरासं खाली-वर स्थिर राहायचं. किमचीला नेमकं हेच लागतं. थंडी तर हवीच, पण त्याहून जास्त महत्त्वाचं म्हणजे न हलणारी थंडी.

१९७० च्या दशकापासून सोलच्या कांगनाम भागात आणि मग देशभर अपार्टमेंटचे बुरुज उभे राहिले. आज निम्म्याहून जास्त कोरियन कुटुंबं अपार्टमेंटमध्ये राहतात. तिथे अंगण नाही. घरात जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरतात, म्हणजे ओंदोल, त्यामुळे खोलीत गार कोपरा सापडत नाही. बाल्कनी दुपारी तापते आणि रात्री गोठते. रांजण ठेवायचा कुठे? १९८४ मध्ये गोल्डस्टार कंपनीनं (आजची एलजी) किमचीसाठी वेगळा फ्रिज काढला, पण तो चालला नाही. मोटारींच्या वातानुकूलन यंत्रणा बनवणाऱ्या मांदो कंपनीनं १९९५ मध्ये ‘दिमचे’ हा ५२ लिटरचा झाकणाचा फ्रिज आणला आणि तो घरोघर गेला. पाठोपाठ सॅमसंग आणि एलजी उतरल्या. बरीच वर्षं बाजार मुख्यतः या तिघांचा राहिला: दिमचे, एलजीचा ‘किमची टोकटोक’ आणि सॅमसंगचा ‘किमची प्लस’.

यंत्र आत काय करतं

नेहमीच्या फ्रिजमध्ये पंखा थंड हवा फिरवतो. दार उघडलं की ती हवा खाली सांडते, आत खोलीची हवा येते, कॉम्प्रेसर पुन्हा धावतो. आतलं तापमान दिवसभर २ ते ६ अंशांत हेलकावे खातं. किमचीच्या डब्यात जिवाणू जिवंत असतात, त्यांना प्रत्येक हेलकावा म्हणजे कामाला लागा असा निरोप असतो.

झाकणाच्या किमची फ्रिजमध्ये पंखा नसतो. थंड करणारी नळी आतल्या पत्र्याच्या पेटीभोवतीच गुंडाळलेली असते, पेटीची भिंतच थंड होते आणि भिंतीला टेकलेला डबा गार राहतो. झाकण वर असल्यामुळे जड थंड हवा पेटीतच बसून राहते, डबा काढून झाकण पुन्हा लावेपर्यंत फारसं काही बिघडत नाही. त्यामुळे तापमानातला चढउतार अगदी थोडा होतो. जमिनीत पुरलेल्या रांजणाचं काम विजेवर करणारं हे यंत्र आहे, आणि त्याची सगळी किंमत या स्थिरतेत आहे.

स्थिरता कशासाठी, तर चवीसाठी. किमची भरल्यावर पहिल्या टप्प्यात ल्यूकोनोस्टॉक जातीचे जिवाणू वाढतात. ते लॅक्टिक आम्लाबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि थोडं मॅनिटॉल तयार करतात. चांगल्या किमचीच्या रसाला जी हलकी सोड्यासारखी चुरचुर आणि गोडसर थंडावा असतो, तो यांचा. पुढे आंबटपणा वाढला की लॅक्टोबॅसिलस कुळातले जिवाणू ताबा घेतात आणि किमची नुसतीच आंबट होत जाते. सामू (पीएच) ४.२ ते ४.५ च्या दरम्यान असताना किमची सर्वांत चविष्ट लागते. ल्यूकोनोस्टॉकची मंडळी गारठ्यात तग धरतात, लॅक्टोबॅसिलसला ऊब हवी असते. म्हणून किमची ६-७ अंशांवर थोडी मुरू द्यायची आणि मग उणे १ च्या आसपास नेऊन तिथेच रोखून धरायची. याच कामासाठी या फ्रिजवर ‘मुरवण’ आणि ‘साठवण’ अशी वेगळी बटणं असतात.

बटणाचा खरा अर्थ

साठवणीच्या बटणाला तीन पायऱ्या असतात: जोरात, मध्यम, मंद. मॉडेलगणिक अर्ध्या अंशाचा फरक पडतो, पण जोरात म्हणजे सुमारे उणे २, मध्यम म्हणजे उणे १ आणि मंद म्हणजे शून्याच्या जवळ, असं समजून चालावं. फ्रिज घरी आल्यावर बहुतेक लोक मध्यमवर ठेवून विसरून जातात. तसं करू नये. कुठल्या पायरीवर ठेवायचं हे किमचीतल्या मिठावर अवलंबून आहे, आणि मीठ हे किमची कोरियाच्या कुठल्या भागातली आहे यावर.

२ टक्के मिठाचं पाणी साधारण उणे सव्वा अंशाला गोठायला लागतं, ३ टक्क्यांचं उणे पावणेदोनच्या पुढे. किमचीतल्या साखरेमुळे, आम्लामुळे आणि मासळीच्या अर्कामुळे हा आकडा आणखी थोडा खाली जातो. दक्षिणेकडच्या जॉल्ला प्रांतात हिवाळा त्यामानानं सौम्य असतो, किमची टिकावी म्हणून तिथे मीठ आणि खारवलेली मासळी सढळ हातानं घालतात. रंग गडद, वास तीव्र, रस दाट. ही किमची ‘जोरात’वर निर्धास्त ठेवावी. उत्तरेकडे, प्योंगानच्या किंवा कांगवॉनच्या पद्धतीत, थंडीच इतकी असते की मीठ कमी लागतं. मिरची बेताची, रस पातळ आणि भरपूर. ही ‘जोरात’वर ठेवली की कडेचा रस गोठतो, पानाच्या पेशी फुटतात आणि बाहेर काढल्यावर कोबी ओल्या फडक्यासारखा लिबलिबीत होतो. तिला ‘मंद’. मुळ्याची पाण्यातली दोंगचिमी तर कायम ‘मंद’वरच ठेवावी, त्यातही डबा भिंतीपासून जरा सुटा. अलीकडे सोलच्या घरांत डॉक्टरी सल्ल्यानं मीठ कमी करायची पद्धत पडली आहे. त्या किमचीलाही उत्तरेकडची समजून वागवावं. वर्षभराहून जास्त जुनी करायची, शिजवून खायची मुगुनजी मात्र जास्त मिठाची आणि कमी मसाल्याचीच लागते. गोड मसाल्याची किमची वर्षभर ठेवून मुगुनजी होत नाही, ती नुसती मऊ पडते.

थोडं विषयांतर, पण ज्या कोबीसाठी हा सगळा खटाटोप, त्याच्याबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. मिरची कोरियात सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोचली. १६१४ च्या एका कोरियन ज्ञानकोशात ती जपानकडून आल्याची नोंद आहे. पोर्तुगिजांच्या ज्या जहाजांनी ती गोव्याला आणली, त्यांच्याच व्यापारी वाटेनं ती पूर्वेकडे सरकली. आजचा घट्ट, जड, पांढऱ्या देठाचा कोबी त्याहूनही नवा. जपानी राजवटीत, १९१० ते १९४५ या काळात, कोरियन शेतकरी भाजीच्या बियाण्यासाठी जपानवर अवलंबून होते. राजवट संपली आणि बियाण्याचा पुरवठा आटला. १९५० मध्ये उ जांग-चुन हे शास्त्रज्ञ जपानमधलं सगळं सोडून कोरियात आले. जन्म तोक्योचा, १८९८ चा, आई जपानी, वडील १८९५ च्या राणी म्यॉंगसॉंगच्या हत्येच्या प्रकरणात सामील होऊन जपानला पळून गेलेले कोरियन लष्करी अधिकारी. १९३५ मध्ये याच उ यांनी मोहरी-कोबी कुळातल्या सहा वनस्पतींचं गुणसूत्रांवरून नातं एका त्रिकोणात मांडून दाखवलं होतं. आपल्या फोडणीतल्या राईचा वंश दोन वेगळ्या जातींच्या संकरातून आला हे त्यांच्या त्रिकोणावरून कळतं. कोरियात त्यांनी इथल्या मातीत टिकणाऱ्या कोबी-मुळ्याच्या वाणांवर आणि देशी बियाण्यावर काम केलं, आणि १९५९ मध्ये त्यांचं निधन झालं. यॉसूच्या दोल्सान बेटाची प्रसिद्ध ‘गात किमची’ राईच्याच कुळातल्या पानांची असते. तिखट, नाकात जाणारी, आणि मराठी जिभेला पहिल्याच घासात आवडणारी.

डबा भरताना

फ्रिज कितीही चांगला असला तरी डबा चुकीचा भरला की किमची बिघडणारच. मिठात मुरवून धुतलेला कोबी आजकाल २० किलोच्या खोक्यात तयार मिळतो, त्यात सात ते नऊ गड्डे येतात. त्याला साधारण सव्वा ते दीड किलो मिरची पूड लागते. खोकं घरी आलं की कोबी चाळणीत, कापलेली बाजू खाली करून, किमान दोन-तीन तास निथळू द्यावा. ही पायरी घाईत उरकली की राहिलेलं पाणी मसाला पातळ करतं, मिठाचं प्रमाण घसरतं, आणि पुढे किमची एकतर गोठते नाहीतर लवकर मऊ पडते. फ्रिजच्या नावानं होणाऱ्या निम्म्या तक्रारींचं मूळ या चाळणीत असतं.

मसाला पानापानांत लावून झाला की बाहेरचं मोठं पान गड्ड्याभोवती गुंडाळायचं आणि कापलेली बाजू वर ठेवून गड्डा डब्यात दाबून बसवायचा. दोन गड्ड्यांत हवेची पोकळी ठेवायची नाही. डबा ८० टक्क्यांवर थांबवायचा. आंबताना वायू तयार होतो, रस वर चढतो आणि काठोकाठ भरलेला डबा फ्रिजच्या तळाशी लाल तळं करतो. २० किलो कोबीची मसाल्यासकट किमची दहा-बारा लिटरच्या तीन डब्यांत बसते. वरून कोबीची मोकळी, मीठ लावलेली हिरवी पानं पसरायची, त्यावर प्लॅस्टिकचा कागद हवा काढून चिकटवायचा. लोणच्याच्या बरणीत फोडी तेलाखाली राहायला हव्यात, तसे इथे गड्डे रसाखाली राहायला हवेत.

हिवाळ्यात घरच्या तापमानाला एक दिवस, फार तर दोन, ठेवून मग फ्रिजमध्ये घालावं. ‘मुरवण’ बटण वापरणार असाल तर बाहेर ठेवायची गरज नाही. ते दोन-तीन दिवस ऊब देतं आणि मग आपोआप साठवणीवर येतं. दोन्ही केलं तर जास्त होतं. मोठे डबे खाली, आणि रोजच्यासाठी एक छोटा डबा वर. मोठा डबा उघडला की त्यातला सगळा माल लहान डब्यांत काढून पुन्हा दाबून ठेवावा. अर्धा रिकामा मोठा डबा ही सर्वांत वाईट स्थिती, कारण आत हवा जास्त. वर पांढरी, पातळ साय येते ती बहुतेक वेळा यीस्टची असते. सायीचा थर काढून, खालची किमची धुऊन शिजवून खाता येते. पण हिरवी-काळी बुरशी, चिकट तार किंवा सडका वास आला तर डबा टाकून द्यावा.

खोड्या

झाकणाच्या फ्रिजची पहिली खोड म्हणजे भिंतीवर साचणारा बर्फ. पंखा नाही, आपोआप बर्फ वितळवायची सोय नाही. बर्फाचा थर बोटाएवढा झाला की डबा भिंतीपासून दूर राहतो आणि थंडी पोचत नाही, वर कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. वर्षातून एकदा, नव्या किमजांगच्या आधी, फ्रिज रिकामा करून बंद करावा, झाकण उघडं ठेवावं आणि खालच्या बुचातून पाणी काढावं. चाकू किंवा उलथन्यानं बर्फ खरवडू नये. नळी त्याच पत्र्याच्या मागे असते, तिला भोक पडलं तर वायू निघून जातो आणि दुरुस्तीचा खर्च जुन्या फ्रिजच्या किमतीपुढे जातो.

दुसरी खोड पाठीची. दहा किलोचा भरलेला डबा कमरेत वाकून तळातून उचलावा लागतो. वयस्कर माणसं उभ्या दाराकडे वळतात त्याचं हे मुख्य कारण, आणि ते अगदी रास्त आहे. त्यांनी उभा प्रकार घ्यावा, मात्र किमची खालच्या खणात ठेवावी. बऱ्याच उभ्या मॉडेलांत खालचे खण थेट भिंतीनं थंड होतात आणि वरच्या कप्प्यात पंखा असतो. वरच्या कप्प्यात किमची ठेवून ‘हा फ्रिज आंबवतो’ म्हणणं यंत्रावर अन्याय आहे.

तिसरी गोष्ट जागेची. भिंतीपासून मागे-बाजूला दहा सेंटीमीटर तरी मोकळे सोडावेत. मागे धूळ आणि ओल साचली तर विजेच्या जोडणीतून ठिणगी पडू शकते, म्हणून कपडे धुण्याच्या मशीनला खेटून ओल्या बाल्कनीत तो ठेवू नये. कडाक्याच्या थंडीत उघड्या बाल्कनीतही नको. बाहेरची हवाच आतल्यापेक्षा थंड झाली की कॉम्प्रेसर चालूच होत नाही आणि किमची सरळ गोठते.

किमचीशिवाय काय

मराठी स्वयंपाकघरात हा फ्रिज सर्वांत जास्त कामाला येतो तो पालेभाजीला. कोथिंबीर, पालक, मेथी, मुळा, गाजर, फ्लॉवर यांना शून्याजवळचं तापमान मानवतं. ‘मंद’वर, कागदात गुंडाळून, बंद डब्यात ठेवली तर नेहमीच्या फ्रिजपेक्षा कितीतरी जास्त दिवस ताजी राहतात. आन्सान किंवा इतेवॉनच्या भारतीय दुकानातून महिन्यातून एकदा सामान आणणाऱ्यांना ही सोय मोठी आहे. तांदळाला कीड लागत नाही. मासे-मटण दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं असेल तर उणे १ उत्तम, गोठत नाही आणि चवही जात नाही.

पण भेंडी, वांगी, काकडी, टोमॅटो, सिमला मिरची, केळी आणि आंबा इथे अजिबात ठेवू नयेत. या सगळ्यांना थंडी बाधते. साल खड्डे पडून काळी होते, आतून पाणी सुटतं. इडलीचं पीठ फुगलेल्या अवस्थेत थांबवून ठेवता येतं, पण फुगवायचं असेल तर बाहेरच. दूध आणि लोणी किमचीच्या कप्प्यात ठेवू नये, लसणाचा वास दोन दिवसांत धरतात. झाकणाच्या फ्रिजला बहुधा डावा-उजवा असे दोन स्वतंत्र कप्पे असतात आणि प्रत्येकाचं तापमान वेगळं ठेवता येतं. एक किमचीला, एक भाजीला, ही वाटणी पहिल्या दिवशी करून टाकावी आणि मोडू नये. प्लॅस्टिकचा डबा एकदा किमचीला वापरला की तो कायमचा किमचीचा.

शेजारच्या जपानात असा फ्रिज घरोघर का नाही, हे बघितलं की कोरियन गरज जास्त स्पष्ट होते. जपानी लोणची वेगळ्या वाटेनं जातात. उमेबोशीत (खारवलेल्या आंबट फळांत) १८-२० टक्के मीठ असतं, ती फडताळात वर्षानुवर्षं टिकते. तांदळाच्या कोंड्यातलं नुकाझुके २०-२५ अंशांना मजेत असतं, फक्त रोज हातानं खालीवर करावं लागतं. आसाझुके एक-दोन दिवसांत संपवायचंच. दोन टक्के मिठात, पाचसहा महिने, चुरचुरीत राहायला हवं असं जपानी घरात फारसं काही नसतं. किमची मात्र जपाननं मनापासून स्वीकारली आहे. ओसाकाच्या त्सुरुहाशी बाजारात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या कोरियन कुटुंबांच्या दुकानांत ती वजनावर मिळते. पण ती थोडी थोडी आणून खाल्ली जाते, साठवली जात नाही.

कोरियातही चित्र बदलतं आहे. एकट्या माणसाची घरं एक तृतीयांशाहून जास्त झाली, किमजांग करणारी घरं कमी होत आहेत, तयार पाकिटं वाढली. कंपन्यांनी म्हणूनच उभ्या फ्रिजला मांस, फळं, पेयं, धान्य असे कप्पे जोडले. विक्रेता त्या कप्प्यांचंच कौतुक करेल. त्याला एकच विचारावं: किमचीचा खण भिंतीनं थंड होतो की हवेनं? उत्तर न देता तो रंगांची पुस्तिका पुढे करू लागला तर दुसऱ्या दुकानात जावं.

किंमत आणि जुना माल

झाकणाचा नवा फ्रिज साधारण पाच ते आठ लाख वॉनमध्ये मिळतो, उभा दहा लाखांपासून सुरू होतो आणि मोठा चार दारी घेतला तर तीस लाखांच्याही पुढे जातो. नवी मॉडेलं उन्हाळा संपताना येतात आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर मागणी सर्वांत जास्त असते. किमजांग उरकल्यावर, हिवाळ्याच्या अखेरीस, तेच मॉडेल बऱ्याचदा स्वस्त पडतं. लेबलवर एकूण लिटर मोठ्या अक्षरात असतात, पण ‘किमची साठवण क्षमता’ हा वेगळा, बराच लहान आकडा खाली छापलेला असतो. खरेदी त्या आकड्यावर करावी. चार माणसांच्या घरात अजूनही वीस गड्ड्यांचा हिशेब धरतात, तेवढ्याला १८० लिटरच्या खालचा फ्रिज अपुरा पडतो.

जुना घेताना मागच्या पाटीवरची उत्पादनाची तारीख आधी वाचावी. सप्टेंबर २००५ पूर्वी बनलेले दिमचेचे झाकणाचे फ्रिज जुन्या विद्युत भागांमुळे आगीचा धोका म्हणून डिसेंबर २०२० पासून कंपनीनं परत मागवले, सुमारे २७ लाख ८० हजार नग. त्यातले काही अजूनही कुणाच्या तरी बाल्कनीत चालू आहेत आणि जुन्या वस्तूंच्या ‘दांगून’ ॲपवर फुकटात दिसतात. फुकट असला तरी घेऊ नये. मांदोनंतर दिमचे बनवणारी विनिया कंपनी २०२३ मध्ये न्यायालयीन पुनर्रचनेत गेली, त्यामुळे या ब्रँडचा जुना फ्रिज घ्यायचा झाला तर सुटे भाग मिळतात का हे आधी विचारावं. बाकी तपासणी सोपी आहे. झाकणाच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून ओढावी, सहज निघाली तर रबर गेलं. फ्रिज चालू करून एक तासानं आतल्या चारही भिंतींना हात लावावा, एक भिंत कोमट राहिली तर वायू कमी आहे. वाहून आणल्यावर काही तास उभा ठेवूनच वीज जोडावी, आडवा करून आणला असेल तर आणखी जास्त वेळ.

भारतात परत येताना हा फ्रिज सोबत आणावा का? कोरियात वीज २२० व्होल्ट, ६० हर्ट्झची, आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. व्होल्टचा फरक किरकोळ, हर्ट्झचा नाही. पाटीवर ५०/६० दोन्ही छापलेलं नसेल तर साधा कॉम्प्रेसर हळू फिरतो, तापतो आणि लवकर जातो. व्होल्टेज स्टॅबिलायझरनं हर्ट्झ बदलत नाहीत. पिनही वेगळी असते, आणि पुण्या-मुंबईत दुरुस्तीला माणूस मिळणं अवघड. कोरियातून निघताना तो तिथेच विकावा किंवा द्यावा. कुणी घेतलाच नाही तर मोठी जुनी विद्युत उपकरणं घरी येऊन फुकट नेण्याची सरकारमान्य सोय तिथे आहे. ऑनलाइन दिवस ठरवायचा, आत काही न ठेवता फ्रिज कोरडा करून ठेवायचा. फ्रिजमधले किमचीचे डबे मात्र सामानात घालून आणावेत. जाड, घट्ट बसणारे आणि कडेला पकड असलेले तसे डबे इकडे सहज मिळत नाहीत.